आता शिक्का माझा आहे

आयटीआयला तारतंत्री ट्रेड केला, वायरमनचं परमिट हातात आलं, आणि मला वाटलं, झालं आपलं काम. पुढची चौदा वर्षं चिपळूणमध्ये लोकांच्या घरांची वायरिंग केली. पण महावितरणकडे नवीन मीटर मागायचा तर टेस्ट रिपोर्ट लागतो आणि त्यावर सही-शिक्का लागतो लायसनवाल्या ठेकेदाराचा. मग ओळखीच्या एकाकडे जायचं, पैसे टेकवायचे आणि कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन यायची. त्यानं ते घर कधी पाहिलेलं नसायचं. रीडिंगचे रकाने मी भरायचो. आणि खोटं कशाला सांगू, पुष्कळदा मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन शाबूत आहे का हे मोजायचं यंत्र, मीही लावलेला नसायचा.

मग 22 जुलै 2021 चा पूर आला. वाशिष्ठीचं पाणी उतरल्यावर पंधरा दिवस मी नुसते बोर्ड उघडत होतो. स्क्रू सैल केला की आतून गाळ बदाबदा खाली यायचा. भिंती वरून सुकलेल्या, पण पाइपांत पाणी तसंच. लोक म्हणायचे, "सुकलंय रे, दे चालू करून." उसना आणलेला जुना हातमेगर मी गरागरा फिरवायचो. 500 व्होल्टला निदान 1 मेगाओहम तरी दाखवायला हवं, इथे काटा शून्याला चिकटलेला.

त्यातलंच एक घर मी दोन वर्षांपूर्वी केलेलं. किचनचा बोर्ड काढला तर अर्थिंगची हिरवी वायर मागे गुंडाळून ठेवलेली, कशालाच जोडलेली नाही. पोऱ्याकडून राहून गेली असणार. पण टेस्ट रिपोर्टात त्या घराच्या अर्थिंगचं रीडिंग होतं, माझ्या अक्षरात, दशांश चिन्हासकट! दोन वर्षं त्या बोर्डावर मिक्सर चालला होता. मी वायर जोडली, बोर्ड बंद केला, घरमालकाला काही बोललो नाही. चहा तेवढा नको म्हणालो.

त्यानंतर सुपरवायझरच्या परीक्षेची पुस्तकं काढली. चाळिशीत ओहमचा नियम पाठ करताना मुलगी हसायची. परीक्षा पार पडली आणि मग ठेकेदारीच्या लायसनचा अर्ज. लायसनवाल्या ठेकेदारानं, प्रमाणपत्रवाल्या सुपरवायझरच्या देखरेखीखालीच काम करायचं हे काही आजचं नाही, 1956 च्या वीज नियमांतला 45 वा नियम हेच सांगत होता. आम्ही तो फक्त परीक्षेपुरता वाचलेला. अर्ज एकदा परत आला: वडिलांच्या नावात आयटीआयच्या कागदावर एक 'ए' कमी. प्रतिज्ञापत्र केलं, पुन्हा पाठवला. स्वतःचा मेगर, अर्थ टेस्टर, टाँग टेस्टर घेतले. बायको बिल बघून एवढंच म्हणाली, "ह्यात फ्रिज आला असता."

लायसन आलं त्या महिन्यात पहिला रिपोर्ट मागितला तो मामानं, खेडच्या नव्या घरासाठी. वायरिंग त्याच्या गावातल्या पोरानं केलेली. "तू घरातला माणूस, सही ठोक नि जेवायला बस," मामा म्हणाला. मी मेन बंद केला, फेज-न्यूट्रल एकत्र बांधले, मेगरचं एक टोक त्यांना, दुसरं टोक अर्थला. हॉल ठीक, बेडरूम ठीक. किचन 0.3.

मामाचा चेहरा उतरला. जेवण झाकून ठेवलं गेलं. एकेक पॉइंट सोडवत तासाभरानं सापडलं: पाण्याचा फिल्टर टांगायला मारलेला स्क्रू थेट पाइपात, वायरीचं इन्सुलेशन फाडून ओल्या भिंतीत. तेवढा तुकडा बदलला. पुन्हा मेगर लावला, आकडा शंभराच्या वर गेला, तो मी फॉर्मवर लिहिला आणि शिक्का उमटवला. नवीन शिक्का, शाई जरा जास्तच लागली.

"ते सगळं ठीक आहे," मामी म्हणाली, "पण फिल्टर आता लावू कुठे?"