वाघोलीचं आकाश: अगस्तीसाठी जागे राहा

पेंच व्याघ्र प्रकल्पाचा महाराष्ट्रातला भाग जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीच्या काळोखासाठी जपलेलं क्षेत्र, ठरला. तेव्हापासून तिथलं आकाश बघायचं मनात होतं. कार्तिक अमावास्या डिसेंबरच्या तोंडावर येत होती, ती गाठून आम्ही प्रकल्पाच्या सिल्लारी गेटजवळ मुक्काम टाकला. नागपूरहून जबलपूर रस्त्याने मनसर ओलांडून पवनीला आत वळायचं, अंतर साधारण ७० किलोमीटर. निरीक्षणाची जागा वाघोली तलावाजवळ आहे. भोवती वाघाचं जंगल आहे, त्यामुळे वन विभागाकडे आधी चौकशी करूनच जा. परस्पर बांधावर गाडी लावून बसू नका.

धान कापून झालेलं, बांध्या रिकाम्या, जागोजागी धानाच्या भाऱ्यांचे पुंजणे रचलेले. सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, पण खरा काळोख व्हायला सात वाजतात. आम्ही पोचलो तेव्हा सोबतचा गावचा पोरगा पहिलं वाक्य बोलला ते असं: "लाइट बंद करा ना जी, डोळे बसू द्या." डोळे अंधाराला सरावेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं मोबाइल खिशातच ठेवा. एकदा स्क्रीन पाहिली की ती सगळी मिनिटं वाया जातात. टॉर्चच्या काचेवर लाल पतंगी कागद लावून न्या.

साडेसातला महाश्व (पेगॅसस) या तारकासमूहाचा चौकोन बरोबर डोक्यावर असतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातून दोन तारे पुढे जा, मग उत्तरेकडच्या शर्मिष्ठेकडे (कॅसिओपिया) वळून दोन मंद तारे चढा. तिथे पुसट, लांबट धुरकट ठिपका दिसतो, तीच देवयानी दीर्घिका. थेट न बघता नजर किंचित बाजूला ठेवली की जास्त स्पष्ट होते. अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं, आणि तरी ती नुसत्या डोळ्यांनी दिसते! दुर्बीण हवीच असेल तर ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री पुरे. सप्तर्षी यावेळी क्षितिजाखाली असतात, म्हणून ध्रुव शर्मिष्ठेवरूनच शोधावा लागतो. तो इथे क्षितिजापासून फक्त साडेएकवीस अंशांवर आहे.

पूर्वेला कृत्तिका आणि रोहिणी तोवर वर आलेल्या असतात. नऊच्या सुमारास मृग झाडांवर चढतो. पट्ट्याचे तीन तारे उगवताना जवळजवळ उभे असतात. विदर्भातल्या गोंडांना मृगात नांगर दिसतो, आणि एकदा ऐकलं की आपल्यालाही तोच दिसायला लागतो. मृगातले तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य हे तारे, पट्ट्याजवळचा तेजोमेघ हे सगळं सावकाश बघा. पट्ट्याची रेघ खाली वाढवली की व्याध.

माझ्या मते या सहलीचं खरं फळ मात्र अगस्ती. व्याधाखालोखाल सर्वांत तेजस्वी तारा, पण इथून तो जास्तीत जास्त १६ अंश चढतो. हात लांब करून मूठ धरली तर साधारण दीड मूठ. दिल्लीला तो जेमतेम ९ अंशांवर येतो. डिसेंबरच्या सुरुवातीला तो दहाच्या आसपास उगवतो आणि अकरानंतर आग्नेयेला नीट दिसतो. बसण्याची जागा निवडताना आग्नेय ते दक्षिण बाजू मोकळी आहे ना, एवढं आधी बघा. झाडी आली तर तो दिसणारच नाही. शिवाय दक्षिण-नैर्ऋत्येला क्षितिजाशी नागपूरच्या उजेडाची फिकट झाक असते, म्हणून तो त्या बाजूला झुकण्याआधी, रात्री दोनच्या सुमारास दक्षिणेला सर्वांत उंच असताना, उत्तम.

तलावाकाठी पहाटेकडे धुकं धरतं आणि काचांवर दव बसतं. सुती फडकं ठेवा. पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, कानटोपी आणि जाड मोजे हवेतच. खुर्चीपेक्षा सतरंजी आणि घोंगडी बरी, मान अवघडत नाही.

१३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन उल्कावर्षाव ऐन भरात असतो. त्या दिवशी जाणार असाल तर आधी पंचांगात चंद्र कधी मावळतो ते बघून घ्या. आणि रात्रीत नागपूर गाठायचा हट्ट धरू नका. जंगलातल्या रस्त्यावर जनावरं आडवी येतात, मुक्काम करूनच सकाळी निघा.