नंदीबैल

रविवार, रात्रीचे साडेदहा.

माझ्या नावाचा खरा अर्थ आज कळला आणि त्यानंतर जेवण काही घशाखाली उतरले नाही.

नाव म्हणजे खुणेचे नाव. बंद मूठ हनुवटीखाली धरून दोनदा खाली-वर करायची, ते. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत साइनचा, म्हणजे खुणांच्या भाषेचा, पहिला वर्ग केला, तेव्हाच आम्हांला सांगितले होते की हे नाव स्वतःचे स्वतः ठेवायचे नसते, ते कर्णबधिर माणसांनी द्यावे लागते. त्यामुळे दर रविवारी दादरच्या फलाटावर जमणाऱ्या कर्णबधिर मंडळींतल्या काकांनी दीड वर्षापूर्वी ते दिले, त्या रात्री मी आरशासमोर उभी राहून ते वीस वेळा करून पाहिले होते. मूठ खाली-वर म्हणजे होकार, म्हणजे मी कशाला नाही न म्हणणारी, हाकेला ओ देणारी (वाक्प्रचारही कसला सुचला!), असा अर्थ मी लावून घेतला होता.

आज दादरच्या फलाटावर कल्याणची एक नवी मुलगी आली. मंडळींतल्या धाकटीने माझी ओळख करून दिली : ऐकणारी (म्हणजे कर्णबधिर नसलेली) आहे, पण चांगली आहे. तो ‘पण’ मला लागला. मग त्या मुलीने विचारले की हे नाव का, आणि धाकटीने डोळे मोठे केले, ओठांवर हसू थिजवले आणि नंदीबैलासारखी मान डोलावून दाखवली. हिला काही समजले नाही की ही अशी करते, असे तिने सांगितले. सगळे हसले, काकासुद्धा. मीही हसले, आणि हसताना माझी मान डोलत होती.

म्हणजे दीड वर्ष त्यांना ठाऊक होते. जिथे हो-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून विचारला जातो, जिथे चेहरा हेच व्याकरण आहे, तिथे मी चेहऱ्याने खोटे बोलत होते आणि ते खपते आहे असे समजत होते. इतके रविवार दिले, आईकडे जाणे टाळले, ह्यांची बोलणी खाल्ली (ते असो), आणि पदरी पडला नंदीबैल. माझ्यासाठी सगळे हात सावकाश चालवतात हे मला दिसत होते. त्याला मी जिव्हाळा म्हणत होते.

नंतर काकांनी मला बाजूला घेतले. त्यांच्या शाळेत खुणांना बंदी होती. गुरुजी ओठ हलवत, शेवटी ‘समजले?’ असे विचारत, आणि सबंध वर्ग मान डोलावत असे. लग्नकार्यात, कचेरीत, सख्ख्या भावाच्या घरी ते अजूनही तेच करतात. १८८० साली कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या मिलानमधल्या परिषदेत बोलून शिकवण्याच्या बाजूने ठराव झाला आणि मग देशोदेशींच्या शाळांतून खुणा हद्दपार होत गेल्या, हे मी वर्गात टिपून घेतले होते. त्या ठरावाचा धागा काकांच्या मानेपर्यंत येतो, हे मात्र वहीत नव्हते. तुमच्यात मी डोलावतो, आमच्यात तू, असे ते म्हणाले आणि त्यांनी माझे नाव पुन्हा एकदा केले, या वेळी स्वतःकडे बोट दाखवून.

मला रडू यायला हवे होते, आले हसू. २०२१ चा दहा हजार शब्दांचा साइनकोश मी फोनवर चाळत असते, आणि पहिल्याच दिवशी शिकवलेली ‘पुन्हा सांगा’ ही खूण मात्र दीड वर्षात क्वचितच वापरली. ‘पण’ अजून सलतो आहे, तरी आता जरा कमी. तो खराच आहे.

निरोपाला नेहमीप्रमाणे पाऊण तास गेला. शेवटी गाडी आली, ते सगळे दिव्यांगांच्या डब्यात चढले आणि मी माझ्या पश्चिमेच्या गाडीसाठी खाली राहिले. दारातून काकांनी काहीतरी विचारले. मी ‘पुन्हा सांगा’ केले. त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच केले. तिसऱ्या वेळी मधे एक हमाल आला आणि गाडी सुटली. काय विचारले होते, ते आता पुढच्या रविवारी.