नायकाच्या मागची भिंत

परवा दुपारी जेवणानंतर टीव्ही लावला, तेव्हा कोणत्याशा वाहिनीवर 'छोटी सी बात' चालू होता. हे झोपले होते म्हणून आवाज पूर्ण बंद केला आणि त्याने माझे काहीच अडले नाही, कारण १९७६ सालचा हा चित्रपट मी इतक्या वेळा पाहिला आहे की पुढचा प्रसंग मला पडद्याआधी दिसतो. बसथांब्यावर अमोल पालेकर विद्या सिन्हाकडे चोरून पाहत होता, ती पाहत नसल्यासारखे दाखवत होती, आणि मी मात्र दोघांच्या खांद्यांमधून पलीकडे जाणाऱ्या लाल बसचा क्रमांक वाचण्यासाठी चष्मा पुसत होते. तो वाचता आला नाही. शेवटचा आकडा नेमका नायिकेच्या केसांआड गेला.

ही खोड जुनी आहे. चित्रपट मुंबईच्या रस्त्यावर चित्रित झालेला असला की माझी नजर नायक-नायिकेवर ठरतच नाही. ती त्यांच्या मागच्या भिंतीवर, दुकानाच्या पाटीवर, फूटपाथवर उकिडव्या बसलेल्या आणि आपण चित्रपटात आहोत याची खबरही नसलेल्या एखाद्या माणसावर जाते. पडद्यावर प्रेमाची कबुली चालू असताना मी "अरे, इथे तेव्हा इराणी होता!" असे ओरडते, त्यामुळे घरात माझ्याबरोबर जुना चित्रपट पाहायला कोणी बसत नाही. हे म्हणतात, की हिला नट नकोतच, नुसते नेपथ्य दाखवले तरी चालेल. चालेल काय, धावेल.

डिझेलवर चालणारी शेवटची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून निघून गेली आणि पुढच्याच महिन्यात काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचीही वेळ भरली. माझ्या घरी त्या दोन्ही अजून दुपारच्या धावतात. जहांगीर आर्ट गॅलरीतले समोवार हे उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झाले, पण ते याच चित्रपटात आहे, आणि दर दोन-तीन महिन्यांनी कोणतीतरी वाहिनी ते माझ्यासाठी उघडते. 'मंझिल'मध्ये अमिताभ कोट-टाय घालून खऱ्या पावसात भिजतो, त्यात लोकांना त्या दोघांचे हसणे आठवते. मला आठवतात ते ओव्हलच्या कडेचे ओले रस्ते, ज्यांवर १९७९ साली गाड्यांच्या मध्ये इतकी मोकळी जागा होती की आज ती पाहताना काहीतरी चुकल्यासारखे वाटते.

चित्रपटाची तारीख पाटीवर न पाहता ओळखायची, हा माझा एकटीचा खेळ आहे. राजासकट काळा घोडा दिसला, तर चित्रीकरण १९६५ च्या आधीचे, कारण त्या साली सातव्या एडवर्डचा तो पुतळा हलवला आणि त्याची रवानगी राणीच्या बागेत झाली. (आता त्या भागात पुन्हा एक काळा घोडा उभा केला आहे, २०१७ पासून, पण त्याच्यावर कोणी बसलेले नाही. मला ही तडजोड आवडते.) ट्राम दिसली तर ३१ मार्च १९६४ च्या आधीचे; त्या दिवशी बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. मी तेव्हा पावणेदोन वर्षांची होते, म्हणजे ट्राम मी पाहिली आहे, पण आईच्या कडेवरून, आणि त्याचा पुरावा म्हणजे केवळ आईचे सांगणे. १९५६ च्या 'सी.आय.डी.'मधले जॉनी वॉकरचे मुंबईवरचे गाणे तर मला एखाद्या जुन्या दस्तऐवजासारखे वाटते. या शहरात काय काय आहे, याची जी यादी तो हसतखेळत देतो, तीत ट्रामही आहे आणि गिरणीही. ट्राम आठ वर्षांत गेली. गिरण्या १९८२ च्या संपानंतर गेल्या, अडीच लाख माणसांच्या पोटापाण्यासह, आणि आता त्या गाण्यातल्या यादीपैकी इमारती आणि मोटारी तेवढ्या उरल्या आहेत. त्या मात्र सगळ्यांची कसर भरून काढतात.

छायाचित्रांचे तसे नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईची छायाचित्रे पाहताना प्रथम जाणवते ती सामसूम. एवढ्या मोठ्या व्यापारी शहराच्या भर बाजारात कुत्रेसुद्धा नाही, हे कसे, असे मला लहानपणी वाटे. पुढे कळले, की तेव्हाच्या काचेवर चित्र उमटायला वेळ लागे, आणि जो चालत होता तो उमटायच्या आत निघून गेलेला असे. एखादा धुरकट पट्टा दिसतो, तो म्हणजे कदाचित बैलगाडी. स्वच्छ उमटले ते बांधकाम आणि एका जागी उभे राहिलेले निरुद्योगी. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या, जिथे चर्च गेट होते तिथे १८६४ साली फ्लोरा फाउंटन उभे राहिले, आणि दाराचे नाव तेवढे पुढे स्टेशनाला चिकटून राहिले. भिंती पाडणाऱ्या बिगाऱ्यांपैकी एकाचा तरी चेहरा पाहावा, अशी फार इच्छा होते; पण ते काम करत होते, म्हणजे हलत होते.

हलणारी माणसे पकडायला सावेदादांना यावे लागले. त्यांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली आणि १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाचा चौपाटीवरचा सत्कार. मला त्यातली कुस्ती नको आणि रँग्लरही नकोत. कुस्तीच्या मागची बाग हवी, आणि सत्काराला जमलेल्या गर्दीतला, चप्पल हरवली म्हणून खाली बघणारा एक माणूस हवा. असा एक माणूस प्रत्येक गर्दीत असतोच.

माझे माहेर गिरगावातले. गिरगावकरांना आपल्या गल्लीत जगातली प्रत्येक गोष्ट प्रथम घडली असे वाटत असते, आणि चित्रपटाच्या बाबतीत ते फारसे खोटे नाही. ३ मे १९१३ रोजी सँडहर्स्ट रोडच्या कॉरोनेशनमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला; १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलला. 'आलम आरा'चे चित्रीकरण झाले तो इंपीरियलचा स्टुडिओ केनेडी ब्रिजजवळ, रेल्वेच्या रुळांशेजारी होता, आणि गाड्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर काम चाले. आता गंमत अशी, की तो चित्रपट नष्ट झाला आहे; त्याची एकही प्रत उरलेली नाही, काही स्थिरचित्रे तेवढी आहेत. बोलण्यासाठी गाजलेला चित्रपट आपल्यापर्यंत मुका पोहोचला, आणि ज्या आवाजाला त्यांनी इतके चुकवले, तो रुळांचा आवाज तिथे रोज पहाटेपासून ऐकू येतो. मॅजेस्टिकच्या जागी पुढे शॉपिंग सेंटर झाले. मी तिथे आईबरोबर बटणे आणि परकराची नाडी आणायला जात असे. आपण कुठे उभे आहोत, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी मी नाडीच आणली असती.

आमच्या वाडीतही एकदा शूटिंग झाले होते. १९७१ चा मे महिना, मी नऊ वर्षांची, दादा तेरा वर्षांचा. सकाळी सातला जनरेटरची गाडी वाडीच्या तोंडाशी येऊन अडकली, ती मागे घ्यायला अर्धा तास लागला, आणि तेवढ्यात तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी भरून गेल्या. आम्हाला धर्मेंद्रची अपेक्षा होती. आला तो एक अनोळखी, किडकिडीत नट, हातात पत्र्याची ट्रंक घेतलेला. त्याने ती ट्रंक घेऊन आमचा जिना चढायचा, एवढेच काम होते. चंदेरी कागद लावलेले मोठे फळे धरून दोन माणसे ऊन त्याच्या तोंडावर फेकत होती आणि तो दर वेळी चौथ्या पायरीवर डोळे मिचकावत होता. सात वेळा चढला. आमच्या जिन्याची चौथी पायरी तशीही सैल होती, पण हे त्याला सांगायचे कसे?

मग टोपी घातलेला एक गृहस्थ वर आला आणि गॅलरीतले वाळत घातलेले कपडे काढा म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाला हात जोडत निघाला. सगळ्यांनी काढले. आमच्या आजीचे डाळिंबी लुगडे नुकतेच पिळून दांडीवर पडले होते, नऊ वार, पाणी ठिबकत असलेले. आजी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "लुगडं वाळल्याशिवाय निघायचं नाही. तुमचं चित्र थांबेल हो, ऊन थांबत नाही." तो गृहस्थ खाली जाऊन कोणाशी तरी बोलला, वर बघितले, आणि कॅमेरा चालू झाला. डाळिंबी लुगडे दुसऱ्या मजल्यावर फडफडत राहिले आणि ट्रंकवाला खालून चढत राहिला. ही गोष्ट मी सासरी, शाळेत, लग्नकार्यात, नातवंडांना, अशी पन्नासच्या वर वर्षे सांगत आले आहे.

त्या चित्रपटाचे नाव मात्र कोणालाच सांगता आले नाही. वाडीत तीन नावे फिरत होती. तिन्ही चित्रपट मी पुढे पाहिले. एकातही आमचा जिना नाही.

हे सगळे इतक्या बारकाईने शोधण्याचे कारण दरवाजा. वाडी २०१६ साली पडली आणि तिथे उंच इमारत झाली. आमचे बिऱ्हाड जिथे होते त्या उंचीवर आता मोटारी उभ्या असतात. आमच्या स्वयंपाकघरात बहुधा कोणाची तरी पांढरी गाडी आहे. वाडी पडल्यावर आमच्याकडे घराचा एकही फोटो नाही, हे आम्हा भावंडांच्या लक्षात आले. फोटो पुष्कळ आहेत. बाबांकडे एक कॅमेरा होता, एका रोलमध्ये बारा फोटो, आणि ते बारा त्यांनी रेशनच्या साखरेसारखे पुरवून वापरले. दादाची मुंज, माझे बारसे, आत्याचे केळवण. पण घराचा फोटो काढा असे आई एकदा म्हणाली, तेव्हा बाबा म्हणाले, "घराचा काय काढायचा? ते काय कुठे जाणार आहे?"

म्हणून मी भिंग घेऊन अल्बममधल्या माणसांच्या बाजूने घर गोळा करते. काळ्या कागदाची पाने, मध्ये चुरचुरणारा बटरपेपर, सुटलेले कोपरे. मुंजीच्या फोटोत दादाच्या गुळगुळीत डोक्यामागे फडताळाची एक बाजू आणि खुंटीला टांगलेली छत्री आहे. आत्याच्या कानाशेजारी कोनाड्याचा अर्धा चाप आहे. माझ्या एका फोटोत, मी रडते आहे त्या फोटोत, दरवाजा आहे: जवळजवळ पूर्ण, कडी-कोयंड्यासकट, वरचा पोपडा उडालेला. तो दरवाजा हिरवा होता. दादा म्हणतो, निळा होता. कृष्णधवल फोटोत हिरवा आणि निळा दोन्ही सारखेच करडे दिसतात, आणि आईबाबा आता नाहीत. रंगीत पुरावा जगात एकच असू शकतो: त्या ट्रंकवाल्याच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, डाळिंबी लुगड्याच्या शेजारी. त्यामुळे जुन्या चित्रपटात चाळ दिसली की मी प्रथम लुगडे शोधते. लुगडे सापडले की दरवाजा सापडलाच.

हे लिहायला घेतले तेव्हा, साल आणि तपशील बरोबर आहेत ना, याची खात्री करावी म्हणून दादाला कोथरूडला फोन लावला आणि लुगड्याचा परिच्छेद वाचून दाखवला. त्याने शांतपणे ऐकून घेतला.

"अगं, आजीने लुगडं काढलं होतं," तो म्हणाला. "म्हणजे मीच काढलं. तो टोपीवाला परत वर आला, तेव्हा आजी म्हणाली, जा रे, ने आत. मी ते ओलंच गोळा करून मोरीत नेऊन टाकलं. माझा शर्ट भिजला, म्हणून बोलणीही खाल्ली."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू सांगतेस छान," दादा म्हणाला.

मी फोन ठेवला. टीव्हीवर कुठलासा दुसराच चित्रपट सुरू झाला होता आणि हे उठून चहाची वाट पाहत बसले होते. आजीचे ते वाक्य मला अजूनही जसेच्या तसे ऐकू येते, आणि लुगडे फडफडताना दिसते. दादाचा शर्ट मात्र काही केल्या आठवत नाही. असेल, त्याचेही खरे असेल.

दरवाजा मात्र हिरवाच होता.