टॅपवर पहिला पिंग, आणि दोन बाइटांचा घोळ

काल रात्री माझ्या युजरस्पेस (कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, बाहेर चालणाऱ्या) वायफाय ड्रायव्हरमधून पहिला पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) गेला आणि उत्तरही आलं! आठवडाभर एकाच जागी अडकलो होतो, म्हणून कारण नीट लिहून ठेवतोय.

मांडणी अशी: आरटीएल८८१२एयू चिपचा यूएसबी डोंगल, कर्नलच्या ड्रायव्हरकडून सोडवून लिबयूएसबी या लायब्ररीने ताब्यात घेतलेला. दुसऱ्या टोकाला टॅप इंटरफेस, म्हणजे प्रोग्रामने चालवलेलं आभासी इथरनेट कार्ड. मधला माझा प्रोग्राम ८०२.११ची (वायफायची) फ्रेम सोलून इथरनेटची करतो आणि टॅपमध्ये लिहितो, जाताना उलट. चाचणीचं नेटवर्क बिनपासवर्डचं, असोसिएशनही (राउटरशी जोडणी) प्रोग्रामच करतो. फक्त एसीके (फ्रेम मिळाल्याची पोच) चिपवर सोडलाय, कारण २.४ गिगाहर्ट्झवर तो १० मायक्रोसेकंदांत निघायला हवा. यूएसबीपलीकडून ते शक्यच नाही.

लक्षण असं की राउटरचे एआरपी (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारणारे) ब्रॉडकास्ट, म्हणजे सर्वांसाठीचे संदेश, टॅपवर स्वच्छ दिसायचे, पण माझ्या एआरपीचं उत्तर कर्नलला कळायचंच नाही. आधी मॅक (हार्डवेअरच्या) पत्त्यावर संशय घेतला. (टॅपला कर्नल मनाने पत्ता देतं, तो चिपच्या पत्त्याशी जुळवावाच लागतो.) तो जुळत होता. टीसीपीडंप (फ्रेम दाखवणारं साधन) लावला, तर प्रत्येक युनिकास्ट (फक्त माझ्यासाठीच्या) फ्रेमचा इथरटाइप, म्हणजे आत काय आहे ते सांगणारे दोन बाइट, शून्य.

मग कच्चे बाइट कागदावर उतरवले. ब्रॉडकास्टची सुरुवात ०८, युनिकास्टची ८८. तिथेच उलगडलं. ८८ म्हणजे क्यूओएस (प्राधान्य नोंदवणारा) डेटा, त्याचं हेडर २४ नाही, २६ बाइटांचं. असोसिएशन रिक्वेस्टमध्ये डब्ल्यूएमएम (वायफायमधली क्यूओएसची सोय) मीच मागितलं होतं, म्हणून राउटर युनिकास्ट तसं पाठवत होता. मी सरसकट २४ बाइट कापून, पुढचे सहा (इथरटाइपआधी येणारं ठरावीक हेडर) न बघता ओलांडून, इथरटाइप उचलत होतो. हाती लागत होती त्याच हेडरच्या ‘एए एए ०३ ०० ०० ००’ मधली शेवटची दोन शून्यं. खरा ०८ ०६ (एआरपीचा इथरटाइप) दोन घरं पुढे बसलेला. आता क्यूओएसचा बिट बघतो, आणि ‘एए एए ०३’ सापडलं नाही तर फ्रेम टाकून देतो. ही तपासणी पहिल्या दिवसापासून ठेवा, असं कळकळीने सांगेन.

टॅपची मर्यादा मात्र उघड आहे: कर्नलच्या लेखी हे साधं इथरनेट, त्यामुळे ‘आयडब्ल्यू’ या वायफाय सांभाळणाऱ्या कमांडला ते दिसत नाही. म्हणून आज सकाळी मॅक८०२११_एचडब्ल्यूसिमला (कर्नलमधलं आभासी वायफाय कार्ड) नेटलिंकवरून (कर्नलशी बोलायचा मार्ग) रजिस्टरचा, म्हणजे ‘फ्रेम माझ्याकडे दे’ असं सांगणारा, संदेश पाठवला. स्कॅन सुरू करताच प्रोब रिक्वेस्ट (जवळ कोणती नेटवर्क आहेत, हे विचारणाऱ्या फ्रेम) थेट माझ्या प्रोग्रामात येऊ लागल्या. त्यांच्यासोबतचा ट्रान्समीटरचा पत्ता इंटरफेसच्या पत्त्यासारखा ०२ ने नाही, ४२ ने सुरू होतो; फ्रेम परत देताना तोच लावायचा.