चौघांची वाई, दोन तिकिटांत

स्वारगेटहून गाडी सुटली तसा कंडक्टर आमच्यापाशी आला. नवऱ्याचे पूर्ण तिकीट, माझे अर्धे, नऊ वर्षांच्या लेकीचे अर्धे आणि आईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, शून्य रकमेचे. माणसे चार, पैसे दोघांचे. आईंनी ते शून्याचे तिकीट पुन्हा पुन्हा वाचले आणि घडी घालून बटव्यात ठेवले.

एसटीच्या या सवलती सगळ्यांना ऐकून माहीत असतात, पण सहल ठरवताना फारसे कोणी त्या धरून हिशोब करत नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यभर एसटी मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्या मंडळींना निम्मे भाडे. मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना निम्मे, आणि ५ ते १२ वयाच्या मुलांना अर्धे तिकीट तर आधीपासूनच आहे. घरात आजी, आई, मुलगी असेल तर गाडी काढून पेट्रोल आणि खेड शिवापूरचा टोल भरण्यापेक्षा लाल गाडी स्वस्त पडते. आधार कार्ड मात्र प्रत्येकाचे जवळ हवे.

आमच्या आई ७७ वर्षांच्या आहेत आणि त्यांचा उजवा गुडघा दुखतो. मागच्या दोन सहलींत त्या गाडीत बसून राहिल्या आणि आम्ही वर जाऊन फोटो काढून आलो. ते मला फार लागून राहिले होते. म्हणून या वेळी ठिकाण शोधताना पहिला प्रश्न हाच होता की आईंना जिथे तासन्तास बसता येईल आणि बसल्या जागी काहीतरी बघता येईल, असे जवळपास काय आहे? उत्तर वाई निघाले. पुण्याहून नव्वदेक किलोमीटर, मुक्काम एका रात्रीचा, आणि बघण्यासारखे सगळे पंधराएक किलोमीटरच्या आत.

जाताना शक्यतो वाईलाच संपणारी गाडी धरा. महाबळेश्वरच्या गाड्याही वाईवरून जातात, पण शनिवारी सकाळी त्या भरून निघतात. साताऱ्याच्या गाडीने सुरूर फाट्याला उतरून पुढे वडापने, म्हणजे माणसे भरून निघणाऱ्या जीपने, जाता येते. तरुणांना ते ठीक आहे, पण गुडघेदुखीच्या माणसाला जीपमध्ये दाटीवाटीने बसवू नका.

राहण्याबाबत एक गोष्ट कळकळीने सांगते. खोली फोनवर ठरवताना तळमजला मिळेल असे मला सांगितले होते. प्रत्यक्षात खोली निघाली दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नव्हती. आई एकेक पायरी मोजत चढल्या आणि संध्याकाळी पुन्हा खाली उतरायला नको म्हणाल्या. अर्धा तास बोलणी करून खालची लहान खोली मिळवली, जादा गादी टाकून चौघे मावलो. तेव्हा तळमजल्याची खोली हवी असेल तर ते मेसेजवर लिहून घ्या. पाचगणीत वर राहण्यापेक्षा वाईत राहणे खिशाला बरेच हलके जाते.

दुपारी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खोलीवरच खाल्ली, घरूनच नेली होती. उन्हे कलल्यावर गणपती घाटावर गेलो. ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ सालचे, रास्त्यांनी बांधलेले. आत दर्शन घेऊन सगळे निघून जातात, पण तुम्ही देवळाला वळसा घालून मागची भिंत बघा. ती माशासारखी निमुळती बांधली आहे, कृष्णेचा पूर आला की पाणी दोन्ही बाजूंनी दुभंगून जावे म्हणून. लेकीने हाताने भिंतीची धार चाचपली आणि मग नदीकडे तोंड करून पाणी कुठून येत असेल ते बाबांना समजावत बसली. शेजारच्या काशी विश्वेश्वराच्या आवारात आई टेकल्या आणि दिवे लागेपर्यंत उठल्या नाहीत. कोणी आरती म्हणत होते, कोणी कपडे पिळत होते, पोरे क्रिकेट खेळत होती. इथे तिकीट नाही आणि कोणी उठवतही नाही.

हिवाळ्याच्या शेवटी गेलात तर कृष्णाबाईचा उत्सव सापडू शकतो. वाईच्या सात घाटांवर तो पाळीपाळीने होतो. गर्दी असते, पण तीही बघण्यासारखी. त्या दिवसांत खोली आधीच ठरवा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन वाटांनी गेलो, आणि हे मला सगळ्यात जास्त पटले. लेकीला टेबललँड हवे होते आणि आईंना घाटात मळमळते. बापलेक पहाटेच्या एसटीने पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेले. बारा-तेरा किलोमीटरच तर आहे. गर्दी व्हायच्या आत पठारावर मनसोक्त धावून नऊला परत. मी आणि आई तोवर घाटावर चहा घेत बसलो. सगळ्यांनी सगळे बघायलाच हवे, असा हट्ट कुटुंबाने सोडला तर पैसे वाचतात आणि कुरबुरीही होत नाहीत.

मग रिक्षाने मेणवली, तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा खासगी मालकीचा आहे, त्यामुळे तिथे असणाऱ्यांना विचारूनच आत जा. सहा चौकांचा वाडा, जुने लाकूड, भिंतींवर पुसट होत चाललेली चित्रे. लेकीला हात लावायचा मोह होत होता, तिला मागे ओढले. आपल्या पोरांना एवढे शिकवले तर ती चित्रे आणखी काही वर्षे टिकतील. वाड्यामागे चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आहे. तिथली घंटा चुकवू नका. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांत बांधल्या. त्यातलीच ही. तिच्यावर १७०७ साल आणि बाळाला घेतलेली मेरी आहे. भीमाशंकरलाही अशीच एक घंटा आहे. आईंनी ते माय-लेकरू बघून हात जोडले.

घाटाच्या पायऱ्या उंच आहेत आणि पाण्याजवळ शेवाळ असते. वर धोमचे धरण आहे, त्यामुळे पाणी कमी-जास्त होते. मुलांना खालच्या पायऱ्यांवर एकटे सोडू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही.

मेणवलीहून पुढे धोम गाव. इथे आमचे चुकले. पैसे वाचवायला म्हणून रिक्षा सोडून दिली आणि परतीच्या वाहनासाठी उन्हात सव्वा तास उभे राहिलो. आईंचा चेहरा उतरला होता. वाईतूनच मेणवली-धोम-परत असा रिक्षेचा सौदा करा, थांबण्याचे पैसे धरून. धोमला नृसिंहाचे देऊळ आहे, पण मुलांना आवडतो तो महादेवापुढचा नंदी. तो दगडी कासवाच्या पाठीवर बसला आहे, भोवती कमळाच्या आकाराचे कुंड. कुंडात पाणी असले की कासव तरंगतेय असे वाटते. आम्ही गेलो तेव्हा पाणी नव्हते, त्यामुळे कासवाचे पाय मात्र नीट बघायला मिळाले.

येणे-जाणे, खोली, रिक्षा, दोन वेळचे जेवण आणि चहा-नाश्ता धरून चौघांचे साडेचार हजारांच्या आसपास गेले. सकाळी जाऊन रात्री परत आलात तर खोलीचे वाचतील, पण मग संध्याकाळचा घाट हुकेल. तसे करू नका.

परत येताना रविवारी चारनंतरची गाडी धरू नका. महाबळेश्वरहून येणाऱ्या गाड्या वाईला पोचेपर्यंत उभे राहायलाही जागा नसते. वाई आगारातूनच सुटणारी दीड-दोनची गाडी बघा. आम्ही अर्धा तास आधी स्टँडवर आलो, आईंना खिडकी मिळाली. मग मी आणि लेक बाजारात जाऊन अर्धा किलो वाईची हळद घेऊन आलो.