पाच डॉलरची गोधडी

"जुनी गोधडी संग्रहालयात कशाला?" फोनवरचा फोटो पाहून मैत्रीण सहज म्हणाली. दुपारपासून ते डोक्यातून जात नाहीये.

ती गोधडी हॅरिएट पॉवर्सची. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात गुलामगिरीत जन्मलेली बाई. कापडाचे तुकडे कापून, शिवून तिने 11 चौकटींत बायबलच्या गोष्टी मांडल्या. 1886 मध्ये जेनी स्मिथ या चित्रकला शिक्षिकेने ती विकत मागितली, तर साफ नकार. पुढे पैशांची चणचण आली. मागितले 10 डॉलर, मिळाले 5.

त्यानंतर हॅरिएट पुन्हा पुन्हा स्मिथबाईंकडे जायची, नुसती गोधडी बघायला. दिल्या घरी लेकीला भेटायला जावं तशी. हे वाचून गलबलून आलं.

आज ती गोधडी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. प्रत्येक चौकटीचा अर्थ स्मिथबाईंनी लिहून ठेवला होता. ज्यांचं कुणीच लिहून ठेवलं नाही, अशा किती जणी असतील?