फीत काढल्यावर उरते ती फीत

आम्हा शिंप्यांकडे होमगार्डच्या गणवेशाचं काम वर्षभर तुरळक असतं आणि नोव्हेंबर संपता संपता एकदम अंगावर येतं. 6 डिसेंबर हा त्यांचा वर्धापन दिन. 1946 साली याच तारखेला मुंबईत दल उभं राहिलं. संचलनाच्या आदल्या आठवड्यात ज्यांना बढती मिळालेली असते ते सगळे पिशवीत शर्ट कोंबून येतात. ही माणसं मानसेवी, पोटापाण्याचा उद्योग वेगळा. त्यामुळे बहुतेकांकडे बरा म्हणावा असा एकच जोड असतो, आणि तो परवा हवा असतो.

बाहीवरच्या दोन फितींच्या, म्हणजे हुद्दा दाखवणाऱ्या टोकदार पट्ट्यांच्या, तीन करायच्या असतील तर काम सरळ आहे. नवी फीत आधी अर्धा तास पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायची. हे टाळलं तर पहिल्याच धुण्यात सुती फीत आटते, खालचं टेरिकॉट (पॉलिस्टर-सुती मिश्र कापड) आटत नाही आणि बाहीला चुण्या पडतात. फितीच्या मागचं लाल कापड रंग सोडतं का, हेही तेव्हाच ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून कळतं. मग जुन्या फितीचं खालचं टोक जिथे होतं तिथेच नव्याचं टोक धरायचं, म्हणजे जुनी खूण आपोआप झाकली जाते. टोक बाहीच्या इस्त्रीच्या घडीवर धरू नये, घडी कुणी कशीही पाडलेली असते. शर्ट अंगात घालायला लावून खांदापट्टीच्या मध्यापासून ओळंबा धरावा.

अडचण त्याच्या पुढच्या बढतीत आहे. माझ्याकडे आलेला एक शर्ट तीन फितींवरून खांद्यावरच्या स्टारवर जाणाऱ्या माणसाचा होता. आता बाही मोकळी हवी. "मास्तर, फिती काढायच्या आणि स्टार बसवायचे, दहा मिनिटांचं काम." असं सगळेच म्हणतात. शिवल्याचे पैसे लोक देतात, उसवल्याचे कुणी देत नाही.

त्या फिती आधी ज्याने कुणी लावल्या त्याने सोळा नंबरची सुई वापरून, इंचाला चौदा-पंधरा टाके घालून, वर दोन फेरे मारले होते. फीत काही उडून जात नाही. चौदा नंबरची सुई आणि इंचाला आठ-नऊ टाके पुष्कळ झाले. जितके टाके तितकी भोकं, आणि टेरिकॉटमधली भोकं सुती कापडासारखी मिटत नाहीत. उसवताना बाही उलटी करून आतून दर चौथा टाका कापायचा आणि बॉबिनचा दोरा ओढायचा, वरचा दोरा मग नुसता झटकून निघतो. वरून ब्लेड घातलं तर कापडाला चीर ठरलेली.

फिती निघाल्या आणि बाहीवर तीन गडद पट्टे स्पष्ट उमटले. सहा-सात वर्षांच्या उन्हात आणि धुण्यात सगळा शर्ट उडाला होता, फक्त फितींखालचा खाकी नव्यासारखा राहिला होता. मैदानात दहा पावलांवरून हा शर्ट बढतीचा वाटणार नाही, फिती काढून घेतलेल्या माणसाचा वाटेल. ओलं फडकं घालून इस्त्री फिरवली, भोकांवर नखाने उभं-आडवं घासलं. भोकं निम्मी मिटली, पट्टे तसेच. नव्या कापडाच्या बाह्या घालता आल्या असत्या, पण ताज्या खाकीपुढे तो शर्ट अगदीच विटका दिसला असता.

राहिला विरलेली कॉलर उलटवून आतली बाजू वर घेण्याचा जुना उपाय, तोच बाहीला लावला. उलटी केलेली डावी बाही उजव्या मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या घेरात, बसते आणि उजवी डाव्यात, कारण मुंढ्याचा पुढचा घेर मागच्यापेक्षा खोल असतो. म्हणून खूण एकाच बाहीवर असली तरी दोन्ही बाह्या उसवाव्या लागतात. मुंढ्याची डबल शिलाई, काखेची शिलाई, खालची दुमड, सगळं मोकळं केलं. शिलाईच्या आत सोडलेली माया जेमतेम अर्धा इंच होती आणि ओव्हरलॉकने तिचीही कड खाल्लेली. आतली बाजू मात्र सगळीकडे सारखी निघाली, पट्ट्यांचा मागमूस नाही. कापड साध्या विणीचं होतं हे नशीब. तिरप्या विणीच्या ड्रिलमध्ये रेघ उलट्या दिशेला पडली असती. काखेतला घामाचा डाग थोडा दिसतो, पण तिथे कोण पाहतं.

स्टारचं काम त्यामानाने मजेचं. खांदापट्टीला भोक कात्रीच्या टोकाने पाडू नये, आरीने पाडावं. आरी धागे बाजूला सारते, कात्री ते कापते आणि मग दर धुण्याला भोक वाढत जातं. नटखाली रेक्झिनची चकती हवी, नाहीतर नट कापड खातो. पितळी स्टार असतील तर पॉलिश करताना खाली जुन्या एक्स-रे फिल्मचा खाच पाडलेला तुकडा सरकवायचा. ब्रासो खाकीवर सांडला की जो हिरवट डाग पडतो तो जात नाही. सगळ्यात बरं म्हणजे धुण्याआधी स्टार काढणं, पण ते कुणी करत नाही.

शर्ट 5 तारखेला रात्री ट्यूबलाइटखाली तपासला तेव्हा बाह्या आणि धड एकाच रंगाचे वाटले. सकाळी दारात उन्हात धरला तर बाह्या अर्धी छटा गडद. ट्यूबलाइटमध्ये खाकी पारखू नये हे पोऱ्यांना मीच सांगतो.

तेव्हापासून खांदापट्ट्या डोक्यात आहेत. स्टारसाठी त्या हातात होत्याच. त्यांचीही खालची बाजू गडद असते, त्या उलटवून बसवल्या असत्या तर तो रंग खांद्यापासून बाहीच्या टोकापर्यंत सलग गेला असता आणि शर्टाची शिलाईच तशी आहे असं वाटलं असतं. पट्टीचं काज दोन्ही बाजूंनी सारखं भरलेलं असेल तरच हे जमतं, आणि त्या शर्टाचं काज मी पाहिलंच नाही.